पिकाच्या भुकेप्रमाणे सुटणारं खत

जानेवारीत नारायणगावला गेलो तेव्हा कांद्याला खताचा दुसरा हप्ता चालला होता. आमचं तिथलं अडीच एकर रान चुलतभाऊ कसतो. मी पुण्यात पॉलिमरचं रसायनशास्त्र शिकलो आणि इथेच राहिलो. बांधावर बसून मी त्याला सांगत होतो, की एकदा टाकले की महिना-दोन महिने थोडं थोडं नत्र सोडत राहतील असे खताचे दाणे बनवायचे प्रयत्न जगभर चालले आहेत, आणि त्यांचं आवरण प्लास्टिकऐवजी स्टार्चचं, समुद्री शेवाळाचं, कोळंबीच्या टरफलाचं असावं अशी धडपड आहे. त्याने घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाला, "दादा, युरिया टाकून पाणी दिलं की चौथ्या-पाचव्या दिवशी पातीला काळोखी येते. ती डोळ्यांना दिसते. हळूहळू सुटणारं खत घेऊन मी काय करू?"

प्रश्न खरा होता आणि तेव्हा मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी त्या काळोखीचा हिशेब बघू. युरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात साधारण २०.७ किलो. त्यातलं पिकाच्या पोटात जातं ते बहुतेक ठिकाणी ३० ते ५० टक्के. बाकीचं कुठे जातं? युरियाचा दाणा ओल मिळताच विरघळतो, कारण एक लिटर पाण्यात किलोभर युरिया सहज मावतो. मातीतल्या जिवाणूंचं युरिएज नावाचं एन्झाइम काही दिवसांतच त्याचा अमोनिया करतं. दाणा जमिनीवर उघडा पडला असेल तर हा अमोनिया वायू होऊन उडतो. शेतात नाकाला झोंबतो तो हाच. खाली मुरला तर त्याचं अमोनियम होतं. अमोनियमवर धन विद्युतभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे माती त्याला धरून ठेवते. इथपर्यंत ठीक. पण जिवाणूंची दुसरी फळी अमोनियमचं नायट्रेट करते. नायट्रेट ऋणभारित, माती त्याला धरत नाही, आणि जास्तीचं पाणी खाली जाताना त्याला बरोबर घेऊन जातं. ते शेवटी विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको, असं भारतीय मानक सांगतं. तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त. रानात पाणी तुंबलं तर काही नायट्रेटचा नायट्रस ऑक्साइड होतो आणि तो वर जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो.

म्हणजे पातीला आलेली काळोखी ही पहिल्या लोंढ्याची. लोंढा ओसरला की पीक पुन्हा हात पसरतं, आणि आपण पुन्हा पोतं फोडतो.

पण पिकाची भूक अशी लोंढ्यात नसते. उसाच्या शिफारशीत नत्राची वाटणी कशी असते ते अनेकांना तोंडपाठ असेल: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४०. हे आकडे म्हणजे उसाच्या भुकेचा नकाशाच आहे. कांद्याचा नकाशा वेगळा. पुनर्लागवडीनंतर साधारण ६० दिवसांनी कांद्याला नत्र देऊ नये असं सांगतात, कारण उशिरा मिळालेल्या नत्राने माना जाड होतात आणि असा कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. भावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. आपल्याला नुसतं हळू सुटणारं खत नको. हळू सुटणारं खत कांद्याला साठ दिवसांनंतरही नत्र देत राहिलं, तर ते नुकसानच करेल. हवं आहे ते वेळेवर सुटणारं आणि वेळेवर संपणारं.

पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंची लांबच लांब माळ. पॉलिथिनची पिशवी पॉलिमरचीच, आणि साबुदाणाही पॉलिमरचाच. साबुदाण्यातल्या स्टार्चची माळ ग्लुकोजच्या मण्यांची. कापसातल्या सेल्युलोजचे मणीही ग्लुकोजचेच, फक्त ओवायची पद्धत वेगळी. तेवढ्या फरकाने एक आपल्याला पचतं आणि दुसऱ्याचं आपण धोतर नेसतो. या माळा पाण्याशी काय करतात ते बघायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. सब्जा भिजत घाला. दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक काळ्या बीभोवती पारदर्शक गोळा तयार होतो. बीच्या सालीवरच्या नैसर्गिक पॉलिमरने पाणी ओढून, फुगून, जेल केलेलं असतं. आता त्या काळ्या बीच्या जागी खताचा कण आहे अशी कल्पना करा. त्याला बाहेर पडायचं तर त्या जेलमधून वाट काढत यावं लागेल. नैसर्गिक पॉलिमरच्या आवरणामागची मूळ कल्पना एवढीच.

आतला माल बाहेर पडतो तो तीन वाटांनी, आणि बहुतेक वेळा तिन्ही वाटा एकदम चालू असतात. एक म्हणजे झिरपणं: आत दाट, बाहेर विरळ, म्हणून रेणू बाहेर सरकतात. दुसरी वाट फुगण्याची: पाणी शिरलं, माळा एकमेकींपासून लांब गेल्या, जाळी सैल झाली. तिसरी वाट झिजण्याची: मातीतल्या जिवाणूंनी आवरणच खाल्लं. या तिसऱ्या वाटेवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. तिच्याकडे पुन्हा येतो.

आधी एक घरगुती प्रयोग. पुण्यात केकचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानांत सोडियम अल्जिनेटची पूड मिळते. ही तपकिरी समुद्री शेवाळापासून काढतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर सापडणारं सरगॅसम त्याच कुळातलं. ही पूड पाण्यात घोटली की दाटसर, चिकट द्रावण होतं. दुसऱ्या भांड्यात खाण्यायोग्य कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळवायचं. मग बुंदी पाडतो तसे अल्जिनेटचे थेंब त्या पाण्यात सोडायचे. बेसनाचा थेंब तेलात पडताच बुंदी होते, तसा हा थेंब कॅल्शियमच्या पाण्यात पडताच त्याला साय धरते आणि थोड्या वेळात घट्ट, गोल मणी हाती येतो. उष्णता लागत नाही. कॅल्शियमच्या आयनाला जणू दोन हात असतात. एका हाताने तो एक माळ धरतो, दुसऱ्याने शेजारची, फुगडी घालताना धरतात तशी. अशा हजारो फुगड्या जमल्या की द्रावणाचं जेल होतं.

मी दोन तऱ्हेचे मणी पाडले. एकात बीटचा रस घातला, दुसऱ्यात कडुनिंबाचं तेल चांगलं फेटून. मग दोन्ही मणी साध्या पाण्याच्या दोन पेल्यांत टाकले. बीटचे मणी पाऊण तासात फिके पडले आणि पाणी गुलाबी झालं. तेलाचे मणी दुसऱ्या दिवशीही तसेच होते, पाण्यावर तवंगसुद्धा नव्हता.

या विषयातली सगळी अडचण त्या दोन पेल्यांत दिसते. नैसर्गिक पॉलिमर बहुतेक सगळे पाण्याला जीव लावणारे. युरियाही पाण्याला जीव लावणारा, शिवाय रेणू इवलासा आणि विद्युतभार नसलेला, त्यामुळे जाळीत अडकायला त्याला काही कारणच नाही. युरिया घालून अल्जिनेटचे मणी करायला गेलं तर ते घट्ट होईपर्यंतच बराचसा युरिया कॅल्शियमच्या पाण्यात निघून जातो. नैसर्गिक आवरण घातलं की खत आपोआप महिनाभर टिकेल, असं कुणी सांगितलं तर हा बीटचा पेला आठवा. नुसत्या जेलमध्ये बांधलेला युरिया दिवसांत जातो, कधी तासांत.

त्यावर उपाय काय करतात? मणी मोठा करणं हा सगळ्यात सोपा. झिरपायला लागणारा वेळ मण्याच्या जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट. मावळ-मुळशीकडच्या भातकऱ्यांना याचा एक सख्खा भाऊ माहीत असेल. चारसूत्री भात लागवडीत युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) दाबून केलेली २.७ ग्रॅमची ब्रिकेट, म्हणजे गोळी, चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. तिथे पॉलिमर नाही. मोठा गोळा, खोल जागा आणि चिखल, एवढ्यावर नत्र वाचतं.

दुसरा उपाय जाळीत आडकाठी घालण्याचा. जेलमध्ये बेंटोनाइट नावाची चिकणमाती मिसळतात. तिचे पापुद्रे पत्त्यांसारखे सपाट असतात, आणि रेणूला सरळ बाहेर यायच्या ऐवजी प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालत यावं लागतं. ही माती आपल्याला परकी नाही. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या ज्या खनिजामुळे पडतात, त्याच घराण्यातलं बेंटोनाइट. तिसरा उपाय आवरणावर आवरण. अल्जिनेट ऋणभारित आणि कोळंबीच्या टरफलापासून केलेलं कायटोसान धनभारित, म्हणून अल्जिनेटच्या मण्यावर कायटोसानचा थर अगदी घट्ट बसतो. वरून मेणाचा किंवा लाखेचा पातळ हात फिरवला तर पाण्याला आत शिरायलाच उशीर होतो.

कायटोसानबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांत कायटिन असतं. ती टरफलं किनाऱ्यावर कचरा म्हणून पडतात. तीव्र अल्कलीत उकळून कायटिनचं कायटोसान करतात आणि मग ते व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळतं. त्याची मौज अशी, की बुरशीच्या पेशीभिंतीतही कायटिन असतं. त्यामुळे कायटोसान पानाला लागलं की झाडाला बुरशी आल्यासारखं वाटतं आणि ते आपली बचावयंत्रणा जागी करतं. आवरण म्हणून आणलेलं द्रव्य स्वतःच थोडं औषधाचं काम करतं.

स्टार्च सगळ्यात स्वस्त, पण त्याचा स्वभाव हट्टी. रात्रीचा भात सकाळी टणक लागतो तो स्टार्चच्या माळा गार झाल्यावर पुन्हा जवळ येऊन बसतात म्हणून. स्टार्चच्या आवरणातही हेच होतं: ते ठिसूळ होतं, तडकतं, आणि तडकलेल्या दाण्यातून सगळं एकदम बाहेर. म्हणून त्यात ग्लिसरॉलसारखं मऊपणा देणारं काही घालावं लागतं किंवा स्टार्चला दुसऱ्या पॉलिमरचं कलम करावं लागतं. असं कलम पुण्याला नवं नाही. ऐंशीच्या दशकात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, स्टार्चवर आधारलेलं, पाणी धरून ठेवणारं 'जलशक्ती' नावाचं पॉलिमर तयार झालं होतं. दिल्लीच्या पुसा संस्थेचं सेल्युलोजवर आधारलेलं 'पुसा हायड्रोजेल' नंतरचं. ते एकरी एक-दोन किलोच लागतं. ही दोन्ही मुख्यतः पाणी धरण्यासाठी. पण मुळाशी पाणी थांबलं की पाण्यात विरघळलेलं खतही थांबतं.

आता तिसऱ्या वाटेकडे, झिजण्याकडे. जिवाणू कधी भरभर काम करतात? माती उबदार असेल, वापसा असेल, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही बेताची असतील तेव्हा. पीक कधी भरभर वाढतं? तेव्हाच. थंडी पडली, रान कोरडं झालं की दोघंही मंदावतात. आवरण जिवाणूंच्या खाण्याने सुटणारं असेल तर घड्याळ न लावता खताचा वेग पिकाच्या वेगाच्या बराच जवळ जातो. प्लास्टिकच्या आवरणात तापमानाचा हिशेब साधता येतो, पण मातीतल्या जिवंतपणाशी त्याचं नातं नसतं. नैसर्गिक पॉलिमरच्या बाजूने माझ्या मते हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. "नैसर्गिक आहे म्हणून चांगलं" या मुद्द्यापेक्षा कितीतरी भक्कम.

प्लास्टिकचं काय बिघडतं ते जपानच्या भातखाचरांत दिसलं. तिथे प्लास्टिकच्या आवरणाचा युरिया वर्षानुवर्षं वापरला गेला. खत उत्तम सुटलं, पण रिकामी टरफलं पाण्यावर तरंगत नद्यांतून समुद्राला मिळाली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम घातलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले आणि खतांना बदलासाठी २०२८ पर्यंतची मुदत दिली. नैसर्गिक पॉलिमरकडे पुन्हा सगळ्यांची नजर वळली त्यामागे हेही मोठं कारण आहे. गंधकाच्या आवरणाचा मार्ग मात्र जुना, अमेरिकेत साठच्या दशकापासूनचा; आपल्याकडे २०२३ मध्ये आलेला ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधकाचा 'युरिया गोल्ड' त्याच जातीचा.

तेलाच्या मण्यांचा पेला मी अजून बाजूला ठेवलेला आहे. माझं मत असं, की नैसर्गिक पॉलिमरचं पहिलं खरं घर युरिया नाही, औषध आहे. औषध म्हणजे आपण शेतात म्हणतो ते, कीटकनाशक. बहुतेक कीटकनाशकं तेलकट स्वभावाची, पाण्यात कमी विरघळणारी. ती जेलमध्ये टिकतात. शिवाय त्यांचं प्रमाण थोडं आणि किंमत जास्त, म्हणून आवरणाचा खर्च झेपतो.

आज फवारणी करताना आपण गरजेपेक्षा जास्त मारतो, कारण ऊन त्याची ताकद मोडतं, पाऊस धुऊन नेतो, आणि आठ दिवसांनी किडीला पुरेल एवढं उरायला हवं तर पहिल्या दिवशी खूप घालावं लागतं. त्या पहिल्या दिवसाचा सगळा भार पंप पाठीवर घेतलेल्या माणसाच्या अंगावर येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विसरता येत नाही. औषध कवचात बंद असेल तर कातडीला आणि श्वासाला लागणारा भाग कमी होऊ शकतो. तरी हातमोजे आणि तोंडाला फडकं सुटत नाही.

लिग्निन इथे कामाला येतं. लाकडाला ताठपणा देणारं हे द्रव्य उसाच्या चिपाडातही साधारण पाचवा हिस्सा असतं, आणि कागद गिरण्यांतून ते काळ्या पाण्यासोबत बाहेर पडतं. लिग्निन अतिनील किरण शोषून घेतं. हरभऱ्यावरच्या घाटे अळीसाठी एचएएनपीव्ही हा विषाणू फवारतात, तेव्हा संध्याकाळी फवारा आणि द्रावणात नीळ टाका असं सांगतात. कारण उन्हात विषाणू मरतो आणि नीळ त्याला थोडी सावली धरते. लिग्निनचं कवच तीच सावली जास्त पक्की करतं. कडुनिंबातलं कीडनाशक द्रव्य अझाडिरॅक्टिनही उन्हात लवकर फुटतं, त्यालाही हाच उपाय. ट्रायकोडर्मासारखी उपयोगी बुरशी तर अल्जिनेटच्या मण्यात जिवंत राहते आणि रानात ओल मिळाली की बाहेर पसरते. हे काम प्लास्टिकला जमणारं नाही.

कवच किती मोठं करायचं याचाही विचार लागतो. १९७४ मध्ये अमेरिकेत मिथिल पॅराथिऑनच्या सूक्ष्म कवचांचं औषध बाजारात आलं. कवचं कृत्रिम पॉलिमरची, आणि आकाराने परागकणांएवढी. मधमाश्यांनी ती परागकणांबरोबर गोळा करून पोळ्यात नेली, आणि साठवलेल्या परागातून विष पुढे कितीतरी दिवस पोळ्याला मिळत राहिलं. उघडं औषध लवकर संपलं असतं; बंद औषध टिकलं आणि तेच घातक ठरलं. हा धोका नैसर्गिक कवचालाही तितकाच लागू आहे. तसाच दुसरा धोका माळा जोडायला वापरलेल्या रसायनांचा. स्टार्च किंवा कायटोसान घट्ट करायला फॉर्मल्डिहाइड, ग्लुटारल्डिहाइड वापरलं तर डब्यावर 'नैसर्गिक' छापून मातीची फसवणूक होईल. कॅल्शियमची फुगडी त्यापेक्षा शंभर पटीने बरी.

राहिला पैशाचा प्रश्न. ४५ किलोचं युरियाचं पोतं साधारण २६६ रुपयांना पडतं, म्हणजे किलो सहा रुपयांच्या आत. मक्याचा २०२४-२५ चा हमीभावच किलोला २२ रुपयांच्या वर होता. नुसता मका युरियाच्या तिप्पट-चौपट महाग. त्यातून काढलेला स्टार्च आणखी महाग. अल्जिनेट आणि कायटोसान तर किलोला शेकडो रुपये. पाच रुपयांच्या जिनसेला पन्नास रुपयांची पिशवी कोण घालेल? म्हणूनच युरियासाठी आवरण अगदी पातळ आणि टाकाऊ मालाचं हवं, लिग्निन किंवा साखर-कागद उद्योगातला गाळ, नाहीतर ते शेतापर्यंत येणारच नाही. रोपवाटिका, पॉलिहाउस, डाळिंब-द्राक्षांना लागणारं जस्त आणि लोह, जैविक औषधं, इथे मात्र हिशेब आजही जुळण्यासारखा आहे.

तोवर भावाला मी जे सांगितलं ते साधंच आहे. २०१५ पासून आपल्याला मिळणारा सगळा युरिया कडुनिंब-लेपित आहे. तो लेप अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना थोडं रोखतो. त्यात सहाला एक या प्रमाणात निंबोळी पेंड मिसळून, मातीआड करून, हप्त्यांनी द्यायचा. जिथे ठिबक आहे तिथे त्यातून थोडा थोडा. वेळेवर सुटण्याचं काम तिथे शेतकऱ्याचा हातच करतो, आणि मजुरी वाढत चालली असताना त्या हाताची किंमत कळते.

येत्या रब्बीत त्याने मला कांद्याचा एक वाफा दिलाय. अट एकच: साठ दिवसांनंतर दाण्यात काही उरता कामा नये. त्यासाठी पुण्यात मी लिग्निन आणि बेंटोनाइट घातलेले अल्जिनेटचे मोठे मणी करतोय, कायटोसानच्या थरासकट. नायलॉनच्या जाळीच्या सहा पुड्या शिवून झाल्या आहेत. प्रत्येकीत मोजून मणी भरायचे, मुळांच्या खोलीला पुरायच्या, दर दहा दिवसांनी एक उकरायची, धुवायची, वाळवून वजन करायचं आणि आत किती नत्र उरलंय ते तपासायचं. सहावी पुडी साठाव्या दिवशी तो स्वतः उकरणार आहे.